साडेपाच तासांचा मंगळ

"एकाला मंगळ आणि दुसरा निर्मळ? ह्यो कुठला न्याय वो म्याडम?"

शलाकाताईंनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता, तरी पलीकडचा आवाज माझ्या टेबलापर्यंत स्वच्छ पोचत होता. गृहस्थ कवठेमहांकाळकडचे होते आणि त्यांचा घसा चांगला रुंद होता.

"जुळी पोरं हाईत माझी. दहा मिन्टांचं अंतर. एकच दवाखाना, एकच खाट. तुमच्या मशीननं धाकट्याला कडक मंगळ लावला आणि थोरला सुटला. धाकट्यानं काय घोडं मारलंय तुमचं?"

"काका, दहा मिनिटांतही फरक पडतो कधी कधी," ताई गोड आवाजात म्हणाल्या.

"पडू दे की! पण एकाचं लग्न मेषेत आणि दुसऱ्याचं कर्केत? दहा मिन्टांत कुंडली तीन घरं उड्या मारती व्हय? मालकाला द्या फोन."

"मालक बाहेर गेलेत," ताई म्हणाल्या. मालक आतल्या काचेच्या खोलीत वडा खात बसले होते. "मी बघून कळवते तुम्हाला. धाकट्याचं स्थळ तोवर थांबवून ठेवा."

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "अभी, ऊठ. तुझ्या भटारखान्यात काहीतरी जळतंय."

सांगलीत विश्रामबागेला एका झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. 'गाठभेट वधूवर सूचक केंद्र'. आमचे मालक आवटी सर, त्यांच्या आईनं ते बुटांच्या खोक्यांत फोटो ठेवून सुरू केलं होतं, सरांनी त्याची वेबसाइट केली. लोकांना दिसायचे ते फोटो, रंग आणि बटणं दुसऱ्या कुणाची होती. मागचं सगळं माझं. हॉटेलात गिऱ्हाइकाला भटारखाना दिसत नाही, तसा मीही कुणाला दिसत नसे. माझं नाव अभिनंदन चौगुले. ह्या नावाच्या माणसाचं आयुष्यात कुणी अभिनंदन करत नाही, केलं तरी ते हाक मारल्यासारखंच होतं.

आणि हा भटारखानाही मागून आणलेल्या पदार्थांवर चालायचा. एसएमएस एका कंपनीकडून जायचे, पैसे दुसरीकडून यायचे, आणि पत्रिका तिसरीकडून. आमच्यात ज्योतिषातलं कुणाला ओ की ठो कळत नव्हतं. एखाद्यानं जन्मतारीख, वेळ आणि गाव भरलं की आमचा सर्व्हर ते त्या पंचांगवाल्या कंपनीकडे पाठवायचा, तिकडून कुंडली यायची, आणि ती आम्ही आमच्या नावानं दाखवायचो. लग्नसराईत ती कंपनी धापा टाकायची. म्हणून मी दुसरी एक जोडून ठेवली होती. पहिलीनं वेळेत उत्तर दिलं नाही की तोच प्रश्न आपोआप दुसरीकडे जायचा. एकदा आलेली कुंडली आम्ही जपून ठेवायचो, पुन्हा पुन्हा विचारायचो नाही. माणसाची जन्मवेळ काही बदलत नाही.

मी त्या जुळ्यांच्या पत्रिका काढल्या. थोरल्याची पहिल्या कंपनीकडून आली होती, धाकट्याची दुसरीकडून. मी धाकट्याचाच तपशील पहिलीला विचारला. मंगळ गायब. मग माझी स्वतःची जन्मवेळ दोघींना पाठवून पाहिली, तेव्हा कोडं सुटलं. दुसऱ्या कंपनीनं कुणाला न सांगता, न विचारता आपलं काम बदललं होतं. पूर्वी ती आपण पाठवलेली वेळ भारतातली धरायची. मधेच केव्हातरी तिनं ती विलायतेतली, ग्रीनिचची वेळ धरायला सुरुवात केली होती. त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेपाच तासांचा फरक. म्हणजे सकाळी दहाला सांगलीत जन्मलेला माणूस तिच्या हिशेबानं दुपारी साडेतीनला जन्मायचा. ग्रह फारसे हलायचे नाहीत, पण घरं सगळी सरकायची, आणि मंगळ भलत्याच घरात जाऊन बसायचा. उत्तर मात्र असं नीटनेटकं यायचं, की शंका घ्यायला जागा नाही. बिघडलेलं यंत्र बंद पडलं तर परवडतं. बिघडूनही छान चालणारं यंत्र माणसाला खड्ड्यात घालतं.

मी हे सगळं शलाकाताईंना समजावून सांगितलं. त्या हसतील, त्या विलायती कंपनीला दोन शिव्या घालतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"अभी," त्या म्हणाल्या, "माझी कुठून आली होती रे?"

ह्या प्रश्नात काय होतं ते कळायला तीन आठवडे मागं जायला हवं.

शलाका पोतदार आमच्या ऑफिसातला आवाज होत्या. स्थळं सुचवायची, भेटी ठरवायच्या, होकार-नकार कळवायचे, रडणाऱ्या आयांची समजूत घालायची, हे सगळं त्यांच्याकडे. शेकडो लग्नं त्यांच्या फोनवरून जमली होती. स्वतःचं मात्र जमत नव्हतं. वय बत्तीस. आई लहानपणीच गेलेली. वडील, यशवंत पोतदार, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. एक बस मागं घेताना त्यांचा पाय चाकाखाली आला आणि गुडघ्याखालून काढावा लागला. तेव्हापासून ते घरी. ताई पहिल्यापासून प्रत्येक मुलाला सांगायच्या, बाबा माझ्याबरोबर राहतील. त्यांत लपवाछपवी नाही. नऊ वर्षं नकार येत होते, आणि प्रत्येक नकाराबरोबर यशवंतकाका थोडे मुके होत होते. एका स्थळानं तर त्यांना तोंडावर विचारलं होतं, "आणि तुम्ही कुठं राहणार?"

मग निरंजन देशिंगकरांचं स्थळ आलं. मिरजेत एका डिप्लोमा कॉलेजात शिकवायचे. एकदा घरी भेट झाली, एकदा दोघं बाहेर भेटले. दुसऱ्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या गुणगुणतच.

"अभी, तो ऐकतो रे," त्या मला म्हणाल्या. "मी बोलत असताना मोबाइल बघत नाही. बाबांचं सांगितलं, तर म्हणाला, त्यात काय, राहू देत की."

मी त्या दिवशी सगळ्यांना सामोसे आणले. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी ती बाई मला रोज आपल्या डब्यातली भाजी वाढायची, माझ्या आईच्या दुखण्याची रोज चौकशी करायची. तिचं बरं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं.

आठवड्याभरात निरंजनच्या आईचा काकांना फोन आला. पत्रिका जुळत नाही.

ताईंची पत्रिका कधी केलेलीच नव्हती. यशवंतकाका युनियनचे माणूस, देवधर्म, ग्रहबिह काही मानायचे नाहीत. "ग्रहांनी गिअरबॉक्स दुरुस्त होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईंनी पहिल्यांदाच आमच्या साइटवर स्वतःची जन्मवेळ भरली. मी शेजारीच होतो. मंगळ, आठव्या घरात. अगदी कडक. त्यांनी ते वाचलं, आणि मग मला कधी विसरता येणार नाही असं काहीतरी झालं. त्यांचा चेहरा सैल झाला. सुटल्यासारखा.

"असं होय," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे होतं तर."

घरी त्यांनी ते काकांना दाखवलं. काकांनी तोवर एका वृद्धाश्रमात जाऊन चौकशी केली होती, हे ताईंना दोनच दिवसांपूर्वी शेजारणीकडून कळलं होतं. हे स्थळ मोडलं तर आपण तिकडे जायचं असं त्यांनी मनाशी ठरवून ट्रंकही भरून ठेवली होती. पत्रिका बघून त्यांनी ती दोन-तीनदा वाचायला लावली. मग कुबडी घेऊन आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतले कपडे एकेक करून परत कपाटात ठेवू लागले. जन्मभर ग्रहांना शिव्या घालणाऱ्या माणसाला मंगळ पावला.

आणि आता त्या मला विचारत होत्या, माझी कुठून आली.

मी पाहिलं. दुसरीकडूनच आली होती. मी पहिल्या कंपनीला त्यांची वेळ पाठवली. पत्रिका आली. मंगळ अकराव्या घरात, कुणाला काही न करता गरीब बिचारा बसलेला.

"नाहीये?"

"नाहीये, ताई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या रडतायत की हसतायत ते आधी कळेना. मग दिसलं, दोन्ही.

"चल," त्या म्हणाल्या. "रविवारी मिरजेला चल माझ्याबरोबर. तू सांग त्यांना. मला ते तुझ्यासारखं सांगता यायचं नाही, ग्रीनिच आणि काय ते. मी सांगितलं तर म्हणतील, लग्नासाठी पत्रिका बदलून आणली."

"आणि काका?"

"बाबांना आत्ता काही बोलायचं नाही. आधी तिकडचं होऊ दे. एकदा निरंजन हो म्हणाला, की मग ट्रंक भरायचं कारणच उरत नाही."

त्याआधी एक लढाई व्हायची होती. आवटी सरांना मी सगळं सांगितलं आणि म्हणालो, चुकीच्या पत्रिका ज्यांना गेल्या त्या सगळ्यांना कळवायला हवं. सरांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"कळवून काय करतोस?"

"सर, लोकांची लग्नं मोडली असतील."

"मोडली असतील तर मोडली. आता काय परत जोडायला जाणार हाईस? आपणच सांगायचं, की आमच्याकडच्या पत्रिका चुकीच्या? उद्या कुत्रं फिरकणार नाही इकडं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, चौगुले. जुन्या पत्रिका गुपचूप दुरुस्त करून टाक. कुणी विचारलं तर बघू. आणि शलाकाची आधी कर. ती आपलीच आहे."

"सर, हे बरोबर नाही," शलाकाताई दारातून म्हणाल्या. "प्रत्येकाला फोन करायला पाहिजे. मी करते. ज्याचं खरं आहे ते त्याला कळायलाच पाहिजे."

"बघू, बघू," सर म्हणाले. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे काय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी रागानं राजीनाम्याची भाषा केली. ताईंनी मला खूण करून गप्प केलं. सोमवारी सकाळी सगळ्या जुन्या पत्रिका पुन्हा मागवून बदलायच्या, एवढंच त्या दिवशी ठरलं.

रविवारी दुपारी मी स्कूटरवरून ताईंना मिरजेला घेऊन गेलो. त्यांनी मोरपंखी साडी नेसली होती आणि वाटेत दोनदा स्कूटर थांबवून केस नीट केले. देशिंगकरांचं घर चांगलं दुमजली होतं, ते वरच्या मजल्यावर राहायचे. निरंजनच्या आईनं दार उघडलं, एक क्षण गोंधळल्या, मग "या, या की" म्हणत आत घेतलं. कोकम सरबत आणलं. निरंजन आतून आले, ताईंकडे बघून ओशाळं हसले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

मी बोलायला सुरुवात केली. आयुष्यात मी कधी इतकं चांगलं बोललो नसेन. दोन कंपन्या, विलायतेचं घड्याळ, साडेपाच तास, जुळी मुलं, सगळं नीट उलगडून सांगितलं. नवी पत्रिका छापून आणली होती, ती काकूंच्या पुढे ठेवली. "चूक आमच्या व्यवस्थेची होती," मी म्हणालो, "ताईंचा ह्यात काही दोष नाही. मंगळ नाहीच त्यांना."

काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पत्रिकेला हात लावला नाही.

"बरं झालं हो," त्या म्हणाल्या. "मंगळ नाही ते बरंच झालं." मग म्हणाल्या, "पण आम्ही कुठं मंगळाचं म्हटलं होतं?"

मी पत्रिकेवर बोट ठेवलं.

"मी ह्यांच्या वडलांना फोनवर एवढंच म्हटलं, पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका बघितलीसुद्धा नव्हती. असं म्हणायची पद्धत असते ना." त्या ताईंकडे वळल्या. "तुम्ही तर ह्याच कामातल्या. तुम्हाला काय सांगायचं?"

ताईंनी हातातला पेला हळूच खाली ठेवला.

"आई, असू दे," निरंजन म्हणाले.

"असू दे कशाला?" ताईंचा आवाज अगदी साधा होता, फोनवरच्यासारखा. "एवढ्या लांब आलोय आम्ही. खरं कारण सांगा."

निरंजन आपल्या तळव्यांकडे बघत होते. "तुम्ही सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो होतो. तेव्हा मला खरंच वाटलं, जमेल. मग घरी बोलणं झालं. आईचं वय झालंय. उद्या दोघांचं करायचं... आणि ते तर अजून बरीच वर्षं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "माझं मन धजलं नाही."

"वडील," ताई म्हणाल्या.

"मीच आईला म्हणालो, पत्रिकेचं सांग. त्यांना वाईट वाटायला नको म्हणून."

"मुलगी म्हणून तुमच्यात काडीची खोट नाही हो," काकू घाईनं म्हणाल्या. "मी तर आजही म्हणते, सून मिळावी तर अशी. वडलांची काही दुसरी सोय झाली असती, तर आम्ही पायघड्या घातल्या असत्या. अजूनही काही होत असेल तर बघा."

मला संताप आला. त्या क्षणी मला निरंजनच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली. पण ज्या माणसानं निदान खोटं तरी कुणाला दुखवू नये म्हणून सांगितलं, त्याला मारायचं कशाबद्दल, तेही कळेना. ताई उठल्या, काकूंना वाकून नमस्कार केला, "सरबत छान होतं" म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. माझी छापील पत्रिका टीपॉयवरच राहिली.

जिना उतरताना खालच्या मजल्याच्या दारावर पाटी दिसली. 'दोन खोल्या भाड्याने देणे आहे.' ताईंनी ती वाचली. मी वाचली.

सांगलीच्या वाटेवर त्यांनी एका रसवंतीपाशी स्कूटर थांबवायला सांगितली. रस मागवला आणि प्यायल्या नाहीत.

"मी रोज हेच सांगते रे लोकांना," त्या म्हणाल्या. "मुलगी सावळी वाटली, पत्रिका जुळत नाही. मुलाला पगार कमी, पत्रिका जुळत नाही. नव्या मुली कामाला आल्या की मीच त्यांना शिकवते, खरं कारण कधी सांगायचं नाही, पत्रिकेवर ढकलायचं, म्हणजे कुणाचं मन मोडत नाही. आणि माझ्या घरी तोच फोन आला, तर मी संगणक उघडून मंगळ शोधत बसले."

"ताई, दुसरं स्थळ..."

"गप्प बस." मग त्यांनाच वाईट वाटलं असावं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. मंगळ होता तो काय वाईट होता? नऊ वर्षांचे सगळे नकार त्याच्या अंगावर टाकले होते मी. वरती होता, लांब होता. कुणाचा दोष नाही. आता ते सगळे नकार खाली आलेत, आणि ते कुणाच्या अंगावर जाणार, ते तूच सांग."

मला रसवंतीच्या घुंगरांचा भयंकर राग आला. मुकाट्यानं फिरायचं सोडून तो चरक उगीच वाजत होता.

"उद्या सकाळी सगळ्यांच्या पत्रिका बदलणार ना तू?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी वगळ."

"म्हणजे?"

"आहे तशीच ठेव. मंगळासकट. बाबा मोबाइलवर उघडून बघतात ती. रोज बघतात. परवा तर शेजारच्यांना दाखवत होते. उद्या उघडून बघितली आणि त्यात मंगळ नसला, तर त्यांना काही सांगावं लागणार नाही. एसटीतला माणूस आहे तो, कुठला नट ढिला आहे ते त्याला आवाजावरून कळतं. संध्याकाळी मी घरी जाईन तेव्हा ट्रंक दारात असेल."

"आणि पुढची स्थळं? ती मंगळ बघूनच परत जातील, ताई."

"जाऊ देत. मंगळ बघून जातील ते बाबांना बघूनही गेलेच असते." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "आणि ते फोनबिन करायचं राहू दे. सर म्हणतात तेच बरोबर. कोणाच्या मंगळानं कोणाचं काय झाकून ठेवलंय, ते तुला-मला काय माहीत?"

"ज्यांचं खरंच मंगळामुळे मोडलं असेल त्यांचं काय?"

"त्यांना दुसरं कारण मिळालं असतं," त्या म्हणाल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण त्या दिवशी त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती.

सोमवारी सकाळी मी दुरुस्ती चालवली. बिघडलेल्या वेळेच्या सगळ्या पत्रिका पुन्हा मागवल्या गेल्या आणि जुन्यांच्या जागी बसल्या. जुळ्यांतला धाकटा सुटला. आणखी कितीतरी मुलंमुली त्या सकाळी, त्यांना पत्ता नसताना, निर्दोष झाली. फक्त एक अट मी वर लिहून ठेवली होती, की ह्या एका नोंदीला हात लावायचा नाही. मी आजवर लिहिलेल्या कामात एवढी छोटी आणि एवढी खोटी ओळ दुसरी नाही. ती बिनतक्रार चालली.

पुढच्या रविवारी काकांनी मला जेवायला बोलावलं. माझा तो पाहुणचार कशाबद्दल, हे पान वाढल्यावर कळलं.

"मी ग्रहबिह कधी मानले नाहीत," काका म्हणाले. "पण तुमच्या यंत्रानंच सांगितलं म्हटल्यावर मानावं लागतं. माणूस लबाड असतो. यंत्र कशाला कुणाचं मन राखेल?" त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. जाड, खरखरीत हात होता. "खरं सांगू का बाळा, मला वाटायचं पोरीचं माझ्यामुळं अडतंय. मी जाणार होतो इथनं. हिला बोललो नाही मी. तू वाचवलंस बघ मला."

शलाकाताई चपात्या लाटत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी पुढचा घास घेतला, कारण काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

वर्षाच्या आत मी पुण्याला गेलो. ताईंनीही ते काम सोडलं आणि एका शाळेच्या ऑफिसात लागल्या. लग्न केलं नाही. आवटी सरांनी गाठभेट एका मोठ्या कंपनीला विकली. त्या कंपनीनं ती काही वर्षं चालवली आणि मग बंद केली. सर्व्हर पुसले गेले, त्यांवरच्या सगळ्या पत्रिका गेल्या. मला ते एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, आणि ताईंना काही सांगायचं मला सुचलं नाही.

चौदा वर्षांनी एका दुपारी ताईंचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन घेतला.

"बाबा गेले रे," त्या म्हणाल्या. "मंगळवारी. झोपेतच. त्रास नाही झाला."

मी बोलायचं ते बोललो. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "त्यांच्या मोबाइलमध्ये ती पत्रिका सापडली. साठवून ठेवली होती त्यांनी." आणि पुढे, "अभी, एक काम होतं. तो मंगळ काढून टाक आता."

काढायला काही उरलं नव्हतं. ना मंगळ, ना ती ओळ, ना गाठभेट.

"काढतो, ताई."

"नंतर नको. आत्ता काढ. मी फोन धरते."

मी माझ्या जागेवर गेलो. मोबाइल कीबोर्डाशेजारी ठेवला आणि त्यांना ऐकू जाईल अशा चार-पाच कळा दाबल्या.

"काढला," मी म्हणालो.

"बरं झालं," शलाकाताई म्हणाल्या. पण त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.